सर्जादादाचं वळण

दुपारची जेवणं झालीत. पंखा सावकाश फिरतोय. सून वैजयंता स्वयंपाकघरात भांडी लावतेय आणि तो आवाज हळूहळू लांब जातोय. मी डोळे मिटते, पण मनातून एक गोष्ट हलत नाही. उद्या जेसीबी येणार. मोरखिंडीच्या घाटातलं शेवटचं वळण कापून रस्ता सरळ करणार. त्याच वळणावर माझा थोरला भाऊ, सर्जादादा, फटफटीच्या शर्यतीत पडला आणि गेला. चोवीस वर्षांचा होता. मी गावात सांगून ठेवलंय, मशीनपुढं बसेन, पण वळण काढू देणार नाही.

भांड्यांचा खणखणाट आता फटफटीसारखा फटफटतोय.

"म्हाळू, येतीस का मागं?"

दादा माजघराच्या दारात त्याच्या जावा फटफटीवर बसलाय. इंजिनात घातलेल्या एरंडेलाचा जळका वास घरभर पसरलाय. मी सत्तरीची, आणि त्याच्या ओठावर तीच कोवळी मिशी.

"दादा, माझे गुडघे दुखतात रे."

"बसायला गुडघे कशाला लागत्यात? धर घट्ट."

मी बसते. उंबरठा ओलांडला की घाटच लागतो. रस्ता मुरमाचा. धूळ बसावी म्हणून बायका घागरीनं पाणी शिंपडतायत, त्यात आमची आईपण आहे. माणसं झाडांवर चढून बसलीत. कडेला कडब्याच्या पेंढ्या रचल्यात. दादा गाडी झुकवतो आणि वळणापलीकडे डांबर सुरू होतं. पेंढ्यांच्या जागी जुने टायर येतात, टायरच्या जागी सिमेंटचे कठडे. झाडं रिकामी होतात. शर्यत तर केव्हाच शहराकडच्या बंदिस्त ट्रॅकवर गेली. खिंडीतल्या चहाच्या टपरीचं काचेचं हॉटेल झालंय. त्या काचेत आमची गाडी दिसते, आणि मागं बसलेली मी परकर-पोलक्यात आहे.

"सगळं बदललं दादा. तुला वाईट नाही वाटत?"

"वाईट? अगं, त्या मुरमावर हाडं खिळखिळी व्हायची माझी!" तो हसतो. त्याची पाठ हलते, तशी मीही हलते.

शेवटचं वळण जवळ येतं. माझे हात त्याच्या कमरेभोवती आवळतात.

"दादा, हळू. इथं खडी आहे."

"आता न्हाई."

वळणच नाही. रुंद, सरळ रस्ता उन्हात पडलाय. समोरून एस.टी. येते, हॉर्न न वाजवता निघून जाते. खिडकीशी एक बाई मांडीवर लेकरू घेऊन गाढ झोपलीय. या घाटात झोपलेली बाई मी जन्मात पाहिली नव्हती. आम्ही सगळ्या जीव मुठीत धरून, देवाचं नाव घेत बसायचो.

दादा गाडी थांबवतो.

"उद्या मशीनपुढं बसणार म्हणं तू?"

"मग? तुझी जागा आहे ती."

"तिथं मी नुसता पडलो, म्हाळू. तिथं राहतंय कोण?" तो मागं वळून विचारतो, "माझ्यामागनं कोण कोण पडलं तिथं?"

"दूधवाला शंकर. शाळेतल्या बाई."

"मग जाऊ दे की ते वळण."

"आणि तुला कुठं शोधू?"

"शोधतीस कशाला? आलो न्हवं घरी?"

मला रडू येईल असं वाटतं, पण हसूच येतं. रस्त्याकडेला आता करवंदाची एक जाळी आहे, मघाशी नव्हती. दादा तिच्यात हात घालून मूठभर करवंदं तोडतो.

"तोंड उघड."

मी लहानपणी उघडायचे तसं उघडते. आंबट-गोड रस जिभेवर फुटतो. जावाचा आवाज भांड्यांत विरत जातो.

"आई, चहा टाकू?"

वैजयंता दारात उभी आहे.

"टाक. आणि सरपंचांना निरोप दे, उद्या मी घाटात येत नाही. काढू देत वळण."

ती बघतच राहते. मग जवळ येते, वाकते.

"आई, ओठ जांभळे कशानं झाले? करवंदं खाल्लीत? बाजारात तर अजून आलीसुद्धा नाहीत."

मी दातात अडकलेली बी जिभेनं सोडवते आणि तळहातावर घेते. ओली आहे.