मे महिन्यात ओकला करवत लावू नये

ऑर्लिन हेगस्टाडला घाई करताना आमच्या गावात कुणी कधी पाहिलं नाही. ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर आला की मागं गाड्यांची ही रांग. माझा नवरा सेल्मर म्हणायचा, "ऑर्लिनच्या घराला आग लागली ना, तर हा आधी बुटांच्या नाड्या नीट बांधेल आणि मग बाहेर पडेल." असल्या माणसानं ओक लावले हे ठीकच झालं. दुसऱ्या कुणाला तेवढा दम निघालाच नसता.

आमची दफनभूमी चर्चच्या मागं, टेकाडावर. चहूकडं मका नि सोयाबीन, आणि मिनेसोटाचा वारा. पूर्वी तिथं एल्मची मोठी झाडं होती, ती रोगानं एकजात गेली. मग उन्हाळ्यात तिथं उभं राहणं म्हणजे तापल्या तव्यावर उभं राहणं. ऑर्लिनचं तेव्हा नवंनवं लग्न झालेलं. बायको आर्लिस, नाजूक कातडीची, जरा ऊन लागलं की टोमॅटोसारखी लाल. सासूच्या दफनाला उभी होती आणि पाद्रीबुवा काही आवरतं घेईनात, तर ही सगळ्यांदेखत म्हणाली, "मला बाई इथं पुरू नका. जिवंतपणी भाजले तेवढं पुरे."

सासूच्या दफनाला असं बोलायचं! बायकांनी एकमेकींना कोपरं मारली. पानगळ सुरू झाल्यावर ऑर्लिन ओढ्याकाठच्या रानातून बादलीभर ओकची फळं वेचून घेऊन आला, झालरीच्या टोपीवाली. पाणी ओतलं, तरंगली ती किडकी म्हणून फेकून दिली आणि बुडाली ती दफनभूमीच्या कडेनं ओळीत पुरली. प्रत्येकावर तारेची जाळी ठोकली, नाहीतर खारींनी एक ठेवलं नसतं.

चर्चच्या कमिटीनं त्याला वेड्यातच काढलं. रोपवाटिकेत डोक्याइतकी मेपलची झाडं तयार मिळतात आणि हा बिया पुरतोय!

"मग ओकचीच वाढलेली झाडं आण की," सेल्मर म्हणाला.

"उपटताना त्याचं मूळ तुटतं," ऑर्लिन म्हणाला. "मग तो जगतो, पण रुसून बसतो."

खरंच, पहिली काही वर्षं तिथं नुसत्या काड्या होत्या. सेल्मर जाता-येता टोमणा मारायचा, "काय ऑर्लिन, तुझ्या सावलीत मुंगी तरी मावते का रे?" आणि ऑर्लिन म्हणायचा, "तो सध्या खाली वाढतोय." बस, एवढंच. थंडी पडली की आमच्याकडं गाडीतलं तेल गोठतं, नाकातला श्वास गोठतो. कमिटीनं हौसेनं लावलेले दोन मेपल एका हिवाळ्यात बुंध्यापासून फाटले. ओकच्या काड्यांना काही झालं नाही. मग एक दिवस बघतो तर त्या काड्या आमच्या डोक्यावर गेल्या होत्या, आणि पुढं आमची मुलं त्यांच्याखाली जेवणाच्या चादरी अंथरायला लागली.

त्याचा नियम एकच. बर्फ वितळल्यापासून ऐन उन्हाळा सरेपर्यंत ओकला करवत लावायची नाही. ताज्या जखमेच्या वासावर बारके किडे येतात आणि पायांना चिकटलेला रोग झाडात सोडून जातात. वादळानं फांदी मोडलीच तर जखमेवर तिथल्या तिथं रंग फासायचा. एकदा मेमधे रविवारी मुलांना बायबल शिकवणाऱ्या आमच्या संडेस्कूलच्या मास्तरांनी दफनभूमीतला झेंडा दिसत नाही म्हणून एक डहाळी तोडली, तर या शांत माणसानं त्यांना भर अंगणात असं झापलं की मास्तर दोन रविवार चर्च सुटल्यावरच्या कॉफीला थांबले नाहीत.

सेल्मर गेला तेव्हा मी त्याच्यासाठी ओळीतल्या शेवटून दुसऱ्या झाडाखालची जागा घेतली. ऑर्लिन मोजपट्टी घेऊन आला, आभाळाकडं बघितलं आणि म्हणाला, "चांगली जागा आहे, मार्डेल. दुपारनंतर त्याला ऊन लागणार नाही." मला त्या दिवशी पुष्कळ लोक पुष्कळ काही बोलले. लक्षात राहिलं ते हे.

आर्लिसनं जागा धरली ती सेल्मरचं झाड आणि शेवटचं झाड यांच्या मधली. मला म्हणाली, "मेल्यावरही तुझी शेजारीण, काय करणार! कुचाळक्या करायला कुणीतरी हवंच." ती जानेवारीत गेली. जानेवारीत आमची जमीन लोखंड असते. हिवाळ्यात गेलेली माणसं तालुक्याच्या गावी, दफनवाल्यांच्या थंड खोलीत थांबतात, मेपर्यंत. ऑर्लिन रविवारी चर्च सुटलं की तिकडं जायचा, त्या इमारतीसमोर गाडी लावून बसायचा. आत जायचा नाही. मी विचारलं, "अरे, तिथं बसून करतोस काय?" तर म्हणाला, "बसतो."

मे उजाडला. खड्डा खणायला ड्वेन आपलं यंत्र घेऊन आला आणि शेवटच्या झाडापाशी अडला. आडवी पसरलेली मोठी फांदी, यंत्राचा हात वरच जाईना.

"ही काढावी लागेल, ऑर्लिन," ड्वेन म्हणाला.

"आत्ता नाही काढत ओकची."

"मग सप्टेंबरात पुरू या का तिला? का जागा बदलू या? तू सांग. मला काय, मी जातो परत."

त्यांची मुलगी रोंडा ओरेगॉनहून चार दिवसांची रजा काढून आलेली. आर्लिस हिवाळाभर त्या खोलीत ताटकळलेली. फावड्यानं खणायचं म्हटलं तर ऑर्लिनचे खांदे कधीच गेलेले. शेवटी त्यानं स्वतःच करवत आणली आणि फांदी स्वतःच कापली. रंगाचा डबा त्याच्या गाडीत होता. लावायचाच होता. पण तेवढ्यात रोंडा रडत आली, मग पाहुणे आले, मग चर्चच्या तळघरात कॉफी नि हॅम सँडविच, आणि लोकांनी त्याला घरी नेऊन झोपवलं. डबा गाडीतच राहिला. जन्मभर ज्यानं सगळ्या गावाला शिकवलं, त्याच्याच हातून हे व्हावं! देवाला दुसरा कुणी मिळाला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात शेवटच्या झाडाचा शेंडा तपकिरी पडला. पानं कडेकडेनं करपून गळायला लागली, आणि तीही ऐन जुलैत. झाडांची सरकारी तपासणीस आली, साल सोलून बघितली आणि डोकं हलवलं.

मग चर्चच्या तळघरात सभा. तपासणीसबाईनं सरळ सांगितलं, "हे झाड जाणार. पण एका ओळीतल्या ओकांची मुळं जमिनीखाली एकमेकांत जुळलेली असतात. रोग मुळांतून पुढच्या झाडात जाईल, तिथून पुढच्या. मधे माणूसभर खोल चर मारून मुळं तोडली, तरच बाकीची ओळ वाचेल."

"मग मारा की चर," कुणीतरी म्हणालं.

"मारायचा कुठं? आजारी झाड आणि त्याच्या शेजारचं, यांच्या मधे एक कबर आहे. ती हलवावी लागेल. नाहीतर एक झाड सोडून पलीकडं मारू, तिथं पायवाट आहे, कबरी नाहीत. पण मग ते शेजारचं चांगलं झाडही आजाऱ्याबरोबर पाडावं लागेल."

ते चांगलं झाड म्हणजे माझ्या सेल्मरचं. आणि कबर आर्लिसची.

जो तो आपल्या कपात बघतोय. पास्टरबाई म्हणाल्या, "आपण प्रार्थनेनं ठरवू या." मला रागच आला. म्हटलं, "प्रार्थनेनं मुळं तुटत नाहीत. मी सांगते मला काय वाटतं. सेल्मरच्या झाडाला काही झालेलं नाही. चांगलं झाड का पाडायचं? त्याच्यावर सावली आहे ती मला हवी आहे." बोलले ते बोलले. आजही तेच बोलेन. ऑर्लिनकडं मात्र मी बघितलं नाही.

तो उठला, नेहमीसारखा हळूहळू. "मार्डेलचं बरोबर आहे," तो म्हणाला. "आर्लिसला हलवा. चांगलं झाड नाही पाडायचं."

"ऑर्लिन, घाई नाही रे," पास्टरबाई म्हणाल्या. "विचार कर."

"मुळांना घाई आहे," तो म्हणाला आणि खाली बसला.

ओळीत दुसरीकडं रिकामी जागा नव्हती. राहिलेली जागा पूर्वेच्या कोपऱ्यात, मक्याच्या कुंपणाला लागून. ड्वेननं पेटी वर काढली तेव्हा ऑर्लिन टोपी हातात धरून उभा होता. रोंडाला त्यानं कळवलंच नव्हतं. "रजा संपली असेल तिची," म्हणाला. चर मारला, शेवटचं झाड पाडलं, आणि लाकूड तिथंच झाकून ठेवलं, कारण त्यातूनही रोग जातो. जळणालासुद्धा कुणाला दिलं नाही.

यंदा सेल्मरचं झाड पानापानानं भरून आलंय. ओळीतली बाकीचीही तशीच. ऑगस्टमधे मी खुर्ची घेऊन दुपारी सेल्मरपाशी जाऊन बसले होते. ऊन असं की मक्याची पानं वळून गेलेली. तिकडं पूर्वेच्या कोपऱ्यात ऑर्लिन गवतात बसलेला, ऐंशीच्या घरातला माणूस, मान लालेलाल झालेली.

मी हाक मारली, "अरे ऑर्लिन, इकडं ये की! सावलीत बस. चक्कर येऊन पडशील मेल्या!"

त्यानं ऐकलं. हात वर केला. "नको," तो तिकडूनच म्हणाला, "ती उन्हात आहे ना."

मी आणखी एकदा हाक मारली, तो हलला नाही. मग मीच उठून त्याच्याजवळ जाऊन बसावं असं फार वाटलं. पण माझा माणूस इथं होता. मी सावलीतच बसून राहिले.