गुणक चारच राहिला

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मी — जो लग्नाच्या पंगतीत वाढप्याला थांबवून किस्से ऐकवतो! जालन्याच्या बियाणे कंपनीतली नोकरी तर नकलांसकट पन्नासदा रंगवली आहे. फक्त शेषरावमामांचा विषय निघाला, की मी गोष्ट वळवतो.

वयानं मोठे, म्हणून सगळ्यांचेच मामा. वडीगोद्रीच्या शेतावर असायचे. एकेक झाड निवडत, सात वर्षांत त्यांनी तुरीचा एक वाण उभा केला होता. अठ्ठ्याण्णव साली तो पहिल्यांदा बाकीच्या वाणांसोबत परीक्षेला बसला. आणि मी? आलेख काढणारा, कंपनीतला एकमेव संगणकवाला — काय तो तोरा! ‘उतारा’ नावाचं फंक्शन मी स्वतः बनवलं होतं. तुकड्यातलं वजन गुणिले ‘गुणक’, की एकरी उतारा हजर. जादूगारासारखी बोटं उडवत लोकांना दाखवायचो.

बाकीचे तुकडे दहा गुंठ्यांचे, त्यांना गुणक चार. मामांकडे बी थोडं, म्हणून त्यांचा तुकडा पाच गुंठ्यांचा — त्याला आठ हवा. पण गुणकाला एकदा दिलेली किंमत आपण बदलेपर्यंत ते सॉफ्टवेअर तशीच धरून बसतं. मी बदलली नाही. आलेखात मामांच्या वाणाचा खांब निम्म्यावरच थांबला.

बैठकीत साहेब म्हणाले, “शेषराव, झाडं तर चांगली लगडली होती की!”

मामा आलेखाकडे बघत राहिले. “मशीन कशाला खोटं बोलंन, साहेब? माझ्याकूनच तोलण्यात चूक झाली आसंल.”

चूक मला कधी कळली — विचाराल ना? तिथंच. मामा बोलत असतानाच. तोंड उघडायला कितीसा वेळ लागला असता? पण नुकतंच मी सांगितलं होतं, की यात माणसासारखी चूक होतच नाही — आणि सगळे कौतुकानं बघत होते. मला ते सोडवेना.

जागेवर येऊन गुणक आठ केला. मामांचा खांब सगळ्यांच्या वर गेला. मी तो आलेख पुसून टाकला.

वाण बाद झाला. सगळं बी डाळ मिलला गेलं — पोती मामांनीच गाडीत चढवली.

पुढं निवृत्त होईपर्यंत ते प्रत्येक पोतं दोनदा तोलायचे. आकडा मोठ्यानं सांगायचे, मग पुन्हा सांगायचे. आणि मी समोर बसून लिहून घ्यायचो.