झाकल्या डोळ्यांचे साहेब

साहेब आमच्या इमारतीचा जिना डोळे मिटून चढायचे. खालच्या पायरीशी आले की चष्मा काढून खिशात ठेवायचे, एक हात भिंतीला लावायचे आणि डोळे घट्ट मिटून वर निघायचे. पहिल्यांदा आले तेव्हा मी दारात भाजी निवडत बसले होते. खाकी कपड्यांतला एक जाडसर माणूस भिंत चाचपत आला आणि थेट आमच्या चपलांच्या स्टँडवर आदळला. चपला गडगडत खालच्या मजल्यावर गेल्या. मला वाटलं, सकाळीच लावून आला की काय. डोळे न उघडताच तो माणूस म्हणाला, "हे कोनाचं हाय जी?"

हे नगरपरिषदेच्या अग्निशमन विभागाचे साहेब. फ्लॅटच्या इमारतींत आगीची तपासणी करायची, काही कमी असेल तिथे नोटीस द्यायची, हे त्यांचं काम. तोवर आमच्याकडे असं कोणी आलं नव्हतं. नळाला पाणी का येत नाही ते बघायला माणूस मिळत नाही आणि न लागलेली आग बघायला आला, असं आमचे हे म्हणाले. हे म्हणजे माझे यजमान. पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले आणि दुसऱ्याच महिन्यात इमारतीचे सेक्रेटरी झाले. घरात माझ्यावर चालत नाही ते सगळं इमारतीवर चालवायचे.

डोळे का मिटता, असं मी साहेबांना एकदा विचारलं. गुडघा चोळत ते म्हणाले, "धूर झाला का डोये मिटाच लागते, वयनी. तवा जिना पाठ असला पायजे. आगीले मानूस भेतो, धुराले नाही भेत. तेथच चुकते." एवढंच बोलले. भाषण देण्याची त्यांना सवय नव्हती. आपण धडकायचे, कोणाचं आहे ते विचारायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा तिथेच धडकायचे. शेवटी लोकांनाच लाज वाटली. आधी आमचा स्टँड आत गेला, मग कुंड्या, मग कोणाचा तरी मोडका कूलर. पोरं खेळताना डोळे मिटून जिना चढू लागली आणि त्यांनीच साहेबांना नाव ठेवलं, झाकल्या डोळ्यांचे साहेब. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा हसले. म्हणाले, "चांगलं हाय. आमच्या गावाले, दिघोरीले, मले याच्यापेक्षा खराब नाव होतं." ते काय होतं, ते मात्र कधी सांगितलं नाही.

गच्चीच्या दाराशी मात्र त्यांची डाळ शिजली नाही. तिथे कुलूप होतं. उन्हाळ्यात आम्ही बायका गच्चीवर कुरडया, सरगुंडे, मुगाच्या वड्या वाळत घालतो आणि त्या वासावर वानरं येतात. वाळवण खाल्लं तर एक वेळ चाललं असतं, पण ती दारातून जिन्यात उतरायची. वरच्या मजल्यावरच्या सरिताच्या स्वयंपाकघरात शिरून एकाने पोळ्यांचा डबा नेला आणि तिच्याच पलंगावर बसून खाल्ला. सरिता माझी जिवाभावाची. दम्याची होती, पण जीभ तिखट. "माह्या पोया खाल्ल्या त खाल्ल्या, बापा, भाजीले नाव ठेवल्यासारखा पाहून राहिला होता," असं सगळ्या इमारतीला सांगत फिरली. कडी लावायची तर कोणी ना कोणी उघडी ठेवायचंच. म्हणून मीटिंग झाली आणि ह्यांनी भलंमोठं कुलूप आणलं. किल्ली ह्यांच्या शर्टाच्या खिशात असायची. बाईने मागायची, ह्यांनी वेळ सांगून द्यायची. ह्यांना तो कारभार फार आवडला होता.

साहेब वर पोचले की डोळे उघडायचे आणि कुलपाकडे बघून विचारायचे, "चाबी कोनाजवळ हाय?"

"माझ्याजवळ," हे म्हणायचे.

"आन तुमी घरी नसले त?"

"मी घरीच असतो. रिटायर माणूस जाईल कुठे?"

दर वेळी हेच. साहेबांचा आवाज चढायचा नाही आणि ह्यांचा उतरायचा नाही. सरिता दारात उभी राहून तोंडाला पदर लावायची. साहेब गेले की दोघांच्याही नकला करायची.

मग नोटीस आली. मग दुसरी आली, कुलूप काढा नाही तर पुढची कारवाई होईल अशी. ह्यांचा अहंकार दुखावला. ओळखीच्या एका पुढाऱ्याला ह्यांनी फोन लावला आणि त्या पुढाऱ्याने पुढे कोणाला तरी. त्यानंतर कारवाईचं नाव निघालं नाही. साहेब मात्र येत राहिले. कागद नसायचा, खाकीही नसायची. सुट्टीच्या दिवशी साध्या शर्टात यायचे, डोळे मिटून वर जायचे, तोच प्रश्न विचारायचे आणि माझ्या हातचा चहा पायरीवर बसून प्यायचे. घरात या म्हटलं तर म्हणायचे, "एथच बरं हाय. जिन्यात कोनी बसत नाही, म्हनून जिन्याचे हाल होते." हे आतून पेपर हलवायचे. मला साहेबांची दया यायची आणि ह्यांचा राग यायचा, पण दोन्ही चहाबरोबर संपायचं.

ती दुपार उन्हाळ्यातली होती. नदीपलीकडे कारध्याला ह्यांच्या ओळखीत कोणी वारलं होतं, तिकडे हे गेले होते. किल्ली खिशातच होती. सवयीने होती. जिन्याखालच्या विजेच्या मीटरांनी पेट घेतला, शेजारच्या गाड्यांच्या सीटा पेटल्या आणि काळा धूर जिन्याने वर आला. खालचे लोक बाहेर पळाले. आम्ही वरचे, वर पळालो. मला काही दिसत नव्हतं. मी डोळे मिटले आणि भिंतीला हात लावला. वाटेत कशालाही धडकले नाही. सगळ्या जिन्यात काही म्हणजे काही नव्हतं. ते तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि साहेबांची आठवण आली, हे खरं आहे. मग हात कुलपाला लागला.

तिथे आम्ही किती वेळ होतो, मला सांगता येत नाही. कोणी दारावर बादली मारत होतं. सरिता माझ्या मांडीवर डोकं ठेवून होती. आधी तिची छाती वाजत होती. मी तिच्या पाठीवर हात फिरवत होते. नंतर छाती वाजेना, तर मला बरं वाटलं, दमा बसला म्हणून. शेजारच्या इमारतीवरून शिडी टाकून साहेब आणि त्यांची माणसं गच्चीत उतरली आणि पलीकडून दार फोडलं. एकदम ऊन आलं. साहेब म्हणाले, "वयनी, उठा." मी उठले. सरिता उठली नाही.

मला रडू आलं नाही. अजूनही येत नाही. लोक म्हणतात, एकदा मोकळी हो. कशातून मोकळं व्हायचं, ते मला कळत नाही. गच्चीवर त्या दिवशी तिच्या कुरडया होत्या. त्या वाळल्या. कोणीतरी डब्यात भरून मला आणून दिल्या, मी फळीवर ठेवल्या. स्वयंपाक केला, भांडी घासली. हे संध्याकाळी पूल ओलांडून आले, खाली गर्दी बघितली आणि त्यांचा हात खिशाकडे गेला. तेवढं मला दिसलं. तेव्हापासून हे किल्ली हातात घेत नाहीत. आमच्या घराचं कुलूपसुद्धा मीच लावते.

चौकशी झाली. किल्ली कोणाजवळ होती, तिथेही तेच विचारलं. साहेबांनी खरं ते लिहिलं, सेक्रेटरीजवळ. ह्यांनीही नाही म्हटलं नाही. केस अजून चालू आहे, तारखा पडतात, हे जातात आणि येतात. इमारतीतल्या लोकांनी ह्यांच्याशी बोलणं टाकलं. मीटिंगमध्ये कुलपासाठी हात वर करणारेही त्यात होते. सरिताचे यजमान नागपूरला लेकाकडे गेले, जाताना माझ्याशी बोलले, ह्यांच्याशी नाही. मी त्यांना दोष देत नाही. खरं तर मीही ह्यांच्याशी कामापुरतंच बोलायचे.

आणि साहेब पुन्हा यायला लागले. मला वाटलं, आता तरी ऐकवतील. त्यांचा हक्क होता. पण ते वरच्या पायरीवर जाऊन बसायचे आणि मला म्हणायचे, "भाऊले पाठवा न वयनी वरतं." हे जायचे. दोघं फुटलेल्या दाराशी शेजारी बसायचे. बोलणं असं नाहीच. साहेब धानाचं सांगायचे, दिघोरीच्या तलावात यंदा पाणी किती, रोवणीला मजूर मिळून राहिले का नाही. हे हूं म्हणायचे. मी चहा देऊन यायचे. घरात अन्न गिळता न येणारा माणूस तिथे चहा पूर्ण प्यायचा, म्हणून मी साहेबांची वाट बघायला लागले.

एकदा मी कप न्यायला गेले तेव्हा हे म्हणत होते, "साहेब, एकदा तरी म्हणून टाका, मी सांगितलं होतं म्हणून."

"म्हनून काय होते, भाऊ?"

"मला बरं वाटेल."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मी सांगत राहिलो, हे खरं हाय. पन तो फोन आला आन मी कुलूप तसंच सोडून घरी गेलो. तवाच तोडाले पायजे होतं. मंग तुमी मले शिव्या देल्ल्या असत्या, आन सरिताबाईनं माही नक्कल केली असती."

म्हणजे त्यांना नकलांचं माहीत होतं. मी कप घेऊन खाली आले. सरिताला हे सांगावं असं वाटलं, आणि मग ती नाही हे पुन्हा कळलं. असं मला रोज कळतं.

रिटायर होऊन गावी जायच्या आधी साहेब शेवटचे आले. चष्मा खिशात ठेवला, डोळे मिटले, चढू लागले. आता दम लागत होता. हे त्यांच्या मागे चालत होते, हात न लावता. वर नवीन दार होतं, त्याला आतून नुसती कडी. ती साहेबांनी डोळे मिटूनच चाचपून काढली, गच्चीत पाऊल टाकलं आणि मग डोळे उघडले. "जमलं," म्हणाले. ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. घरात या, जेवून जा, म्हटलं तर पायरीवरच बसले आणि चहा मागितला.

मागच्या पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत ते वारले. त्यांच्या लेकाचा फोन आला, तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. ह्यांनी ऐकलं, हूं म्हणाले आणि वर जाऊन बसले. मी सवयीने दोन कप चहा केला आणि साहेबांचा मोरीत ओतला.

यंदा उन्हाळ्यात गच्चीवर पुन्हा वाळवण पडलं आणि वानरंही आली. हे काठी घेऊन दिवसभर त्या दारात बसतात. ऊन चढलं की मी त्यांच्या डोक्याला ओला रुमाल बांधते. कोणी त्यांना बसायला सांगितलेलं नाही. सरिताच्या फ्लॅटमध्ये आता एक नवीन जोडपं भाड्याने आलं आहे. त्यांना कोणी काही सांगितलेलं नसावं. परवा मी ताक घेऊन गेले तेव्हा ती मुलगी ह्यांच्यापाशी उभी होती. बिचारी चांगल्या मनाने म्हणत होती, "काका, एवढ्या उन्हात कायले बसता? एक कुलूप लावून टाका ना. चाबी तुमच्याजवळच ठेवा."

ह्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. तिच्याकडे बघितलं नाही, जिन्याकडे बघत होते. घरात आम्ही शहरासारखं बोलतो, पण ह्यांचा आवाज दिघोरीचा आला, जरासुद्धा न चढलेला.

"आन मी घरी नसलो त?"

मुलीला काही समजलं नाही. ती हसली आणि खाली गेली. मी ताकाचा पेला त्यांच्या हातात दिला आणि शेजारच्या पायरीवर बसले.