गुप्तदानाचं पोतं

मी मुळातच भित्री. पालीला भ्यायची, भोंग्याला भ्यायची, आणि गिरणीच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याला तर इतकी, की तो दिसला की डोक्यावरचा पदर नीट असूनही मी पुन्हा पुढे ओढून घ्यायची. आमची चाळ सोलापुरातल्या एका गिरणीच्या आवारातच होती. भाजी आणायला जायचं तरी त्याच्या समोरून. गिरणीतलं पितळ चोरीला जात होतं, म्हणून तो पाटीत, पिशवीत, कशातही हात घालून बघायचा.

त्या वर्षी चाळीतल्या बायकांनी बाळंतपणाची खोली बांधायचं मनावर घेतलं. धर्मादाय दवाखान्यानं जागा दिली होती. भिंती आणि छप्पर आमच्या वाट्याला आलं होतं. रोख पैसा कुणाकडे असणार? पण फुटका तांब्या, चेपलेली कळशी, दांडा तुटलेली पळी घरोघरी पडून असते. तेव्हा तांब्यापितळेची मोड गोळा करून विकायचं ठरलं. माझं पहिलं मूल चाळीतल्या अंधाऱ्या खोलीत, चुलीच्या धुरात, जन्मताच गेलं होतं. आता दुसऱ्या खेपेला सहावा महिना लागला होता. लोकांना पुण्य हवं असेल तर असो, मला ती खोली हवी होती.

माझ्या जोडीला शेजारची तेलुगू विणकराच्या घरातली म्हातारी होती. तिला सगळी चाळ अम्मा म्हणायची. तिनं पहिल्याच दिवशी नियम घालून दिला, की हे गुप्तदान. देणाऱ्यानं पोत्यात हात घालून वस्तू सोडायची आणि आम्ही तोंड फिरवायचं. एकीनं हंडा दिला आणि दुसरीनं नुसतं झाकण, तर झाकणवालीला लाज वाटायला नको. मलाही ते पटलं. तसंही कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवायची माझी हिंमत नव्हतीच.

पोतं मात्र भरेना. आणि एका सकाळी काय झालं कोण जाणे, चाळीला दानाचा उमाळाच आला. ज्यांनी आम्हाला दारातून परतवलं होतं ते आपल्या पायांनी आले, पुरुषसुद्धा. मी तोंड फिरवून उभी, आणि पाठीमागं खण्, खण् सुरू. मी फुगून गेले. अम्माला म्हटलं, "बघा, माणसं चांगली असतात की न्हाई." अम्मानं पोत्याचं तोंड सुतळीनं आवळलं.

दुपारी नवरा जेवायला आला. हात धुता धुता म्हणाला, "उद्या खोल्याखोल्यांची झडती हाय. ज्याच्याकडं गिरणीचं पितळ घावंल, त्याचं काम बी गेलं आन् खोली बी गेली."

माझा घास हातातच राहिला. पोतं आमच्याच खोलीत, माझ्या पाठीशी होतं. तो घाईनं जेवून पुन्हा कामावर गेला आणि मी पोत्यावरून हात फिरवला. लग्नाआधी मी याच गिरणीत कामाला होते. यंत्रांतले पितळी बुश, दांड्यांवर बसवायच्या त्या कड्या, मला डोळे मिटूनही ओळखता आले असते. हाताला लागत होते ते तांबे नव्हते आणि झाकणंही नव्हती. जाड, गोल, एकसारखे तुकडे, आणि एकेकावर गिरणीचा शिक्का असणारच. सगळ्या चाळीनं आपली भीती माझ्या पोत्यात आणून टाकली होती, आणि मी तोंड फिरवून ती घेतली होती.

मी रडतच अम्माकडे गेले. ती म्हणाली, "आत्ताच न्यायचं. हितं ठिवलं तर उद्या तुजा नवरा जाईल. आडात टाकलं तर सगळी चाळ ऐकंल."

"आन् फाटकावर धरलं तर?"

ती उठून माझ्याबरोबर आमच्या खोलीत आली. मी पोत्याचं तोंड सोडायला गेले तर तिनं माझा हात धरला. "बगू नको. बगितलं न्हाई, हे तरी खरं ऱ्हाऊ दे."

पोत्याचे दोन कान दोघींनी धरले. पोटातलं मूल लाथा मारत होतं, तशीच मी फाटकापाशी आले.

"थांबा," पहारेकरी म्हणाला. "काय हाय त्यात?"

"मोड हाय. बाळंतपणाच्या खोलीची," अम्मा म्हणाली. "गुप्तदान. आमी बी बगितलं न्हाई. तुमाला बगायचं तर बगा."

त्यानं माझ्या पोटाकडे पाहिलं, मग खाली वाकून सुतळी सोडली. मी डोळे मिटले. नवरा रस्त्यावर वळकटी घेऊन उभा आहे, असं मला दिसायला लागलं. डोळे उघडले तर तो आपल्या चौकीकडे निघाला होता. आता शिट्टी मारणार, माणसं बोलावणार. पण तो परत आला तेव्हा त्याच्या हातात तेलकट चिंधीत बांधलेलं काहीतरी होतं.

"दोगी बी तिकडं तोंड करा."

आम्ही तोंड फिरवलं. मागं खण् झालं. झाकणाचा आवाज इतका जड नसतो. मी वळले तेव्हा तो इकडेतिकडे बघत घाईनं पोत्याचं तोंड आवळत होता.

"आमच्या बी खोल्या बगणार हायत उद्या," तो पुटपुटला. "बिगीनं जावा."

आम्ही पोतं थेट मोडीवाल्याच्या दुकानात नेऊन विकलं, आणि त्या पैशात खोली उभी राहिली.

माझी मुलगी त्या खोलीत झाली. खिडकी होती, उजेड होता, आणि ती आल्याआल्या मोठ्यानं रडली. ते रडणं कानावर पडेपर्यंत माझी भीती काही गेली नव्हती.