जालिंदरच्या शर्टातला नितीन

माझा भाऊ दुसऱ्याच्या नावानं मेला.

आज वर्ष झालं. सकाळपासून तुमचे मेसेज येताहेत. प्रत्येकाला तेच परत सांगायचं बळ नाही, म्हणून एकदाच लिहिते.

नितीन, माझा धाकटा भाऊ. कंपनीच्या गेटवर सिक्युरिटी गार्ड.

तळेगाव ढमढेऱ्यात माझ्या शिलाईच्या दुकानात ज्यांनी त्याला बघितलंय, त्यांना तो एकाच अवतारात आठवेल. कटिंग टेबलाच्या कोपऱ्यावर बसलेला, मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवलेला, आणि स्क्रीनवर एखादं अंतराळयान.

सेकंड शिफ्टची गाडी येईपर्यंत रोज हाच कार्यक्रम.

गोष्टीशी त्याला फारसं देणंघेणं नसायचं. तो कपडे बघायचा. कोणाच्या कॉलरवर किती टिकल्या, कोणाच्या बाहीला किती पट्ट्या, इंजिनवाल्यांचा रंग कुठला, डॉक्टरांचा कुठला. नवी मालिका लागली की कोण कोणाला सॅल्यूट मारणार, हे साहेबांना दोन भागांत पाठ.

मला शिवणारीला वेगळंच दिसायचं. अख्ख्या यानात एकाला खिसा नाही! मी विचारायची, ही माणसं किल्ल्या आणि तंबाखूची पुडी ठेवतात तरी कुठं? तो म्हणायचा, तुला अंतराळातलं काही कळत नाही, तू काजं कर.

एक नियम त्यानंच मला शिकवला.

अनोळखी ग्रहावर उतरायचं असलं की कॅप्टन स्वतः जातो. सोबत ओळखीचे दोघं-तिघं, आणि एक कोऱ्या बाहीचा. त्याला पट्टी नसते. त्याचं नावही आपल्याला कोणी सांगितलेलं नसतं.

तो जाहिराती लागायच्या आत मरतो.

नितीन पैज लावायचा आणि दर वेळी जिंकायचा.

कॅप्टनवर मात्र त्याचा राग. म्हणायचा, "ह्यो सोता कशाला मरायला जातो? सायबानं गेटवर थांबायचं आसतं."

आता त्याच्या युनिफॉर्मचं सांगते.

त्याच्या एजन्सीत नवा शर्ट सहसा मिळत नाही. सोडून गेलेल्याचा धुऊन पुढच्याला देतात. नितीनला दोन शर्ट मिळाले. खिशावर लाल दोऱ्यानं भरलेलं नाव: जालिंदर.

हा जालिंदर इनामगावचा, अंगानं चांगला भरलेला. आमचा नितीन काडी. दोन्ही शर्ट मीच बाजूंनी आत घेतले. नावही उसवायला निघाले होते, तर त्यानं हात धरला.

"ऱ्हाऊ दे आक्के, परत द्यायचाय. यानातल्या लोकांच्या छातीवर नावच न्हाई. माझ्या हाय, पण दुसऱ्याचं."

गेटवर ट्रकवाले त्याला जालिंदरच म्हणायचे. तोही ओ द्यायचा.

मग तो दिवस आला. कंपनीच्या गोडाऊनला आग लागली.

नितीनचा फोन लागेना. घर भरलं. आई देवापुढं बसली. संध्याकाळी गावच्या ग्रुपवर मेसेज आला: आगीत सुरक्षारक्षकाचा मृत्यू, इनामगावचे जालिंदर.

अंगावरच्या शर्टावरून कोणीतरी नाव सांगितलं होतं. पत्ता एजन्सीच्या जुन्या कागदात होताच.

घरात सगळ्यांनी श्वास सोडला. काकूनं चहा टाकला. आई देवाला हात जोडून म्हणाली, "आपला न्हाई."

मी मशीनवर बसले होते. त्या शर्टाच्या शिवणी माझ्या हातच्या होत्या. अख्ख्या घरात एकट्या मला कळलं होतं.

"आसं काय बघतीस गं? आपला न्हाई त्यो," आई परत म्हणाली.

मी तिला सांगितलं. कसं सांगितलं ते विचारू नका. आईच्या तोंडावरचा तो आनंद माझ्या हातानं पुसावा लागला, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

नंतर कळलं, आत कोणी राहिलंय का ते बघून ये, असं सुपरवायझरनं नितीनला सांगितलं होतं. सुपरवायझरच्या खांद्यावर तीन स्टार आहेत. तो गेटवरच थांबला.

त्या मालिका मी अजून बघते. कॅप्टनला आता नावं ठेवत नाही. निदान तो बरोबर तरी उतरतो.

दहाव्याला जालिंदर आला. त्याच्या फोटोला हार घालून तुम्हीच तो रात्रभर ग्रुपवर फिरवला होता, त्यामुळे लोक त्याच्याकडं भूत बघितल्यागत बघत होते. तो दाराशीच उभा राहिला.

"ताई, शर्ट माझा व्हता. सोडला तवाच नाव उसवून द्यायला पायजे व्हतं म्या."

त्याचा काय दोष? मी त्याला आत बसवलं, चहा दिला. त्याला तो जाईना.

महिन्याभरानं एजन्सीचा फोन आला. दुसरा शर्ट परत पाहिजे म्हणे. भाऊ परत मागायला आम्ही कोणाकडं जायचं, ते नाही सांगितलं.

मी जालिंदर उसवला. तिथं नितीन भरावा म्हणून सुई ओवली, आणि हात थांबला. हा शर्ट उद्या कोणीतरी घालणार. कोरा द्यायलाही धीर होईना.

शेवटी कोराच दिला, पण निरोप पाठवला. ज्याला मिळेल त्याला माझ्या दुकानात पाठवा.

तो आला. बिहारचा माणूस, इथं नवाच. शर्ट टेबलावर ठेवला आणि घाबरत म्हणाला, "दीदी, नाम लिखवाना है।"

मी त्याला दोनदा नाव विचारून घेतलं. त्याच्यासमोरच भरलं. पैसे घेतले नाहीत.

आता दुसऱ्या गेटवरचेही येतात. शर्ट ठेवतात, आपलं नाव सांगतात. मशीन थांबवून मी आधी ते काम करते.

नितीन, तुझं नाव भरायला शर्ट उरला नाही रे. म्हणून इथं लिहिते.

मित्रांनो, गेल्या वर्षी भावपूर्ण श्रद्धांजली तुम्ही जालिंदरच्या फोटोखाली लिहिली होती. तो इनामगावात आहे, बरा आहे.

आज ती नितीनच्या नावाखाली लिहा.