पाच नंबरचा डबा

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी वर्षभर वाचतेय, आणि खरं सांगते, बहुतेक वाचून हसलेच आहे. घरात देवपूजासुद्धा आईच्या धाकानं करणारी मी. संभाजीनगरच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवते, आणि जे मोजता येत नाही त्यावर माझा विश्वास बसत नाही... म्हणजे बसत नव्हता. आता काय म्हणायचं ते वाचून तुम्हीच ठरवा.

माझं पीएच.डी.चं काम वायरलेस नेटवर्कवर आहे. टॉवर नाही, केबल नाही, नुसते छोटे रेडिओ बसवलेले डबे. एका डब्यानं निरोप दुसऱ्याला द्यायचा, त्यानं तिसऱ्याला. निरोप ज्या ज्या डब्यातून जातो, त्याचा नंबर त्यावर उमटतो. त्यामुळे शेवटी लॅपटॉपवर सगळा रस्ता दिसतो. पिशोर गावाच्या पुढं, जिथं मोबाईलला रेंज नाही अशा शेतवस्त्यांवर आम्ही आठ डबे बसवले होते. प्रत्येकावर एक लाल बटण - अडचण आली तर दाबायचं.

पाच नंबरचा डबा टेकाडावरच्या कडुलिंबाच्या झाडावर होता. टेकाडाच्या पलीकडच्या विहिरीवर आठ नंबर, आणि अलीकडं शाळेत एक नंबर, माझ्या लॅपटॉपला जोडलेला. मध्ये पाच नसेल तर आठचा निरोप येऊच शकत नाही. लिंबाजवळच साहेबराव काका आणि कडूमावशींचं घर. मावशींनी तो डबा जणू दत्तकच घेतला होता. रोज पदरानं पुसायच्या. उन्हात तापतो म्हणून त्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा बांधला होता. रेडिओला त्याचा त्रास होतो का, हे मी मोजून पाहिलं. होत नव्हता, मग राहू दिला. मी गेले की आधी भाकरी पुढ्यात यायची, मग डब्याची खुशाली.

दिवाळीनंतर मावशी गेल्या. चार दिवस ताप, एवढंच निमित्त. मी भेटायला गेले तेव्हा काकांनी डबा काढून माझ्या हातात दिला. तो तिथं बघवत नाही म्हणाले. मी बॅटरी काढली आणि डबा लॅबच्या कपाटात ठेवून दिला.

फेब्रुवारीत पुढची टेस्ट होती - मधला डबा गेला तर नेटवर्क कसं तुटतं, ते बघायचं. मी आणि आमचे लॅब असिस्टंट सय्यदभाई सकाळीच शाळेच्या ओट्यावर लॅपटॉप मांडून बसलो. अपेक्षेप्रमाणे आठ नंबर संपर्काबाहेर होता.

दुपारी एकच्या सुमारास स्क्रीनवर निरोप आला. आठ नंबर, लाल बटण. आणि रस्ता - आठ, पाच, एक.

मला आधी वाटलं, सॉफ्टवेअरनं जुना रस्ता लक्षात ठेवलाय. सगळं पुसून नव्यानं सुरू करायला माझा हात गेलासुद्धा. सय्यदभाईंनी थांबवलं.

"मॅडम, पहले जाके देख लेते. मशीन बाद में."

गाडीनं दहा मिनिटं लागली. काका विहिरीजवळ, आठ नंबरच्या खांबाला टेकून पडले होते. घामानं सदरा चिंब, बोलणं अडखळत. त्यांना शुगर आहे. सकाळी गोळी घेतली, पण न जेवताच आल्याच्या पिकाला पाणी द्यायला आले होते. एकट्यासाठी चूल पेटवायचा कंटाळा, हे त्यांनी नंतर सांगितलं. सय्यदभाईंनी त्यांना थोडं थोडं साखरपाणी पाजलं आणि आम्ही तडक दवाखाना गाठला. अजून उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी कॉलेजात पोचल्या पोचल्या मी कपाट उघडलं. पाच नंबर तिथंच, बॅटरीशिवाय. नंबर चुकून दुसऱ्या डब्याला दिला गेलाय का, तेही तपासलं. नव्हता. रेडिओची लहर कुठं आपटून, पाचला वगळून आली असती, तर रस्त्यात पाच दिसलाच नसता. नंतर वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या हवेत त्याच विहिरीवरून तेच बटण आम्ही कितीदा तरी दाबलं. एकदाही निरोप आला नाही. माझ्या गाईडनी ती नोंद चूक म्हणून वगळायला सांगितली. प्रबंधातून वगळली, पण फाईल माझ्याकडं आहे.

काकांना सांगावं की नाही, यावर मी बरेच दिवस घालवले. शेवटी गेले. ते बरे होते, चुलीवर स्वतःच चहा ठेवला. मी लॅपटॉप उघडून ती ओळ दाखवली. त्यांना वाचता येत नाही म्हणून आकड्यांवर बोट ठेवून सांगितलं. त्यांनी पाचाच्या आकड्यावरून अंगठा फिरवला.

मग हळूच म्हणाले, "मॅडम, हा रस्ता उलटा बी चालतो का? इकडून तिकडं?"

वर्गात मी हे शिकवते. रस्ता दोन्हीकडून चालतो, असं पोरांना फळ्यावर बाण काढून दाखवते. काकांसमोर मात्र मी लॅपटॉप पुन्हा पुढ्यात ओढला.

"काय सांगायचंय, काका?"

"लई नाय. आता टायमावर जेवतो म्हनावं."

मी ते जसंच्या तसं टाईप केलं आणि सोबत आणलेल्या एक नंबरच्या डब्यातून, कपाटात बंद पडलेल्या पाच नंबरला पाठवलं. पोचल्याची खूण आली नाही. न पोचल्याचीही नाही... जी डबा बंद असला की दर वेळेला येते.