मुकुंदचं लांब हाड आणि पाठशाळेतले हात

परवा सकाळी रामघाटावरच्या पाठशाळेत दाराशी बसून मी इतकी हसले... आणि डोळेही पुसत होते. नक्की काय झालं ते अजून मलाच नीट उमगलेलं नाही. (मी बोलते आणि फोन लिहितो, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.)

मुकुंद माझा मोठा नातू, पाठशाळेत मुलांना वेद शिकवतो. आमच्या शाखेत नुसतं तोंडाने म्हणून भागत नाही. स्वराबरोबर उजवा हातही फिरायला हवा... वर, खाली, बाजूला. हात चुकला की पाठ चुकला.

तर वर्षभर ह्याचं उजवं मनगट दुखत होतं, करंगळीच्या बाजूला. मी तेल चोळलं, मग शेजारच्या मिश्राइननी सांगितलेला लेप लावला... तो एवढा चिकट, की सकाळी उशीचा अभ्रा हाताबरोबर उठायचा! दुखणं तसंच. हात बाजूला वळवला की चेहरा पांढराफटक, पण शिकवणं काही सोडेना. "हाताशिवाय मी काय शिकवू, आजी?" एवढंच म्हणायचा.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात म्हणे. त्यातलं करंगळीकडचं ह्याचं जरासं लांब, ते मनगटात टोचतं.

"माताजी, हड्डी थोड़ी छोटी करनी पड़ेगी," डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, अहो, एक हाड छोटं केलं तर दुसऱ्याने काय करायचं, वाकायचं? ते हसायला लागले आणि सुनेने मागून माझा पदर ओढला.

मला आपलं वाटलं, हात आखूड होणार. म्हणून तो हॉस्पिटलात असताना मी त्याच्या दोन कुडत्यांची उजवी बाही बोटभर आत घेऊन शिवून ठेवली. घरी आल्यावर ती प्लास्टरवरून चढेचना! "अगं आजी, हात तेवढाच आहे," म्हणाला. मग कापलं काय?

आत पट्टी आणि स्क्रू बसवलेत. प्लास्टर निघालं तेव्हा हात कसा, मळून ठेवलेल्या कणकेसारखा. रोज व्यायाम चालायचा. मुकुंदच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं... हात वळलाच नाही तर शिकवणं संपलं.

परवा डॉक्टरांनी हो म्हटल्यावर तो पहिल्यांदा शिकवायला बसला. मी पेढे घेऊन गेले होते, आत जायचा धीर होईना, दाराशीच टेकले. मंत्र सुरू झाला. हात वर गेला, खाली आला... आणि बाजूला वळला. पूर्ण. कुठे अडला नाही. माझ्या डोळ्यांना धारच लागली.

डोळे पुसून बघते तर समोरच्या पोरांचे हात बाजूला जाताना मध्येच थबकलेले. सगळ्यांचे, एकाच जागी! धाकटा विनायक तर थांबून ओठही आवळत होता. मला काही सुधरेना... आता ह्या सगळ्यांची हाडं लांब झाली की काय?

मुकुंदही थांबला. "अरे, हात पुढे का जात नाही?"

"गुरुजी, आपण असंच शिकवलंत," विनायक म्हणाला.

पोरांनी ह्याचं दुखणंसुद्धा पाठ केलं होतं! मुकुंदचा चेहरा एवढासा झाला. पण मला हसूच आवरेना, आणि माझ्याकडे बघून तोही हसत सुटला. मग उठला आणि एकेकाचं मनगट हळूच धरून पुढे वळवत गेला... त्याच हाताने.

हाड कमी केलं आणि हात पुरा झाला, हे काही माझ्या डोक्यात शिरत नाही. आत काय केलंय ते देवाला ठाऊक आणि डॉक्टरांना ठाऊक... मी आपली दोघांनाही नमस्कार करून मोकळी झाले.